पहाऱ्याची फांदी

फार पूर्वी माळावरच्या बाभळींत सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. सगळे खाली पाचोळ्यात किडे टिपत, तेव्हा एकजण शेंड्यावर बसून ससाण्यावर नजर ठेवी. पहाऱ्याच्या पाळ्या मुकादम लावी. त्या वर्षी थव्याने भुऱ्याला मुकादम केलं.

"आता साहेब आमच्यासोबत कशाला किडे टिपतील!" त्याचा दोस्त टिप्या सगळ्यांसमोर म्हणाला आणि थवा हसला. भुऱ्याला ते लागलं. आपण बदललो नाही, हे त्याला दाखवायचं होतं.

दुपारी टिप्याची पाळी होती.

"एकटा काय बसलास? ये खाली, वाळवी निघालीय," भुऱ्याने हाक मारली.

"अन् पहारा?"

"मुकादम कोण आहे?"

टिप्या खूश होऊन उतरला. दोघं एकमेकांना ढुशा देत खात असतानाच ससाणा झेपावला. म्हातारी साळू कशीबशी सुटली, पण तिचा पंख फाटला.

"वर कोण होतं रे?" तिने कण्हत विचारलं.

टिप्याने मान खाली घातली. सगळे त्याच्याकडे रागाने बघू लागले. भुऱ्याही क्षणभर गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"पाळी त्याची होती," तो म्हणाला, "पण खाली मी बोलावलं."



सकाळी टिप्याने दबकत विचारलं, "आज पहाऱ्याला कोण?"

"तूच," भुऱ्या त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आणि टिप्या, मी हाक मारली तरी उतरू नकोस."