डोहातली हाक

एक होती पोर. गुंड्या, पाय पांघरुणात घे आधी, मगच पुढं सांगेन. हां. तर तिचं नाव सगुणा. आईबाप देवाघरी गेलेले, म्हणून राहायची मामाकडं. मामी पोटाला घालायची, पण नावानं हाक म्हणून कधी मारायची नाही. "ए पोरी, शेळ्या सोड. ए पोरी, पाणी आण." सगुणेला जीव लावणारं एकच, कवड्या कुत्रा.

शेळ्या चरायच्या डोहाकाठी. त्या डोहातून भर दुपारी हाक येते म्हणे, बरं का. तिला ओ दिली, की हाक मारणाऱ्याकडं जावंच लागतं.

एके दुपारी सगुणा पाणी प्यायला वाकली. वारा पडलेला. पाण्यात तिचंच तोंड. पण हिचे ओठ मिटलेले, आणि पाण्यातले हलत होते! "सगुणेऽ, ये ना गं." कवड्यानं परकर धरून तिला मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी तीच हाक, पण आईच्या आवाजात. कवड्या तिच्या पायांवरच बसला, हलेचना. घरी जाऊन पोर खूप रडली. किती दिवसांनी तिला कुणी नावानं बोलावलं होतं!

मग तिसऱ्या दिवशी काय केलं त्या येडीनं? कवड्याला गोठ्यात बांधलं आणि एकटीच गेली.

"सगुणेऽ!"

"ओ, आई!"

झालं! पाण्यातून एक गारढोण हात आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. ही आई नव्हे, हे तिला तेव्हा कळलं. गुडघ्याएवढं पाणी झालं, मग कमरेएवढं. तेवढ्यात दावं कुरतडून कवड्या धावत आला. त्यानं उडीच टाकली आणि त्या हाताला कडकडून चावला. सगुणा सुटली, कशीबशी काठावर आली. पण कवड्या गेला खाली. एक बुडबुडासुद्धा नाही.

पाण्यातलं तोंड हसलं. "सगुणेऽ, तुझा कवड्या इथं आहे. ये."

सगुणेनं ओ दिली नाही. उलट तिनंच हाक मारली. "कवड्याऽ!" काही नाही. "कवड्याऽऽ!" काही नाही. मग जिवाच्या आकांतानं ओरडली, "माझ्या कवड्याऽऽऽ!" आणि खालून, पार तळातून, भुंकणं आलं! त्यानं ओ दिली होती ना तिला? मग डोहाला सोडावंच लागलं की! आला कवड्या वर, ओलाचिंब, थरथरत. सगुणेनं त्याला पोटाशी धरलं.

तोच मागून हाक आली. "सगुणेऽ! अगं सगुणे!"

तिनं तोंड गच्च मिटलं. कवड्याकडं पाहिलं. तो शेपूट हलवत होता. मग ती हळूच वळली. मामी होती. आरडाओरडा ऐकून अनवाणी पळत आलेली, रडवेली.

"ओ, मामी," सगुणा म्हणाली.

मग ती सगळी सुखात राहिली. झोपा आता. कुणी नावानं हाक मारली, तर आजीच आहे ना, ते बघून ओ द्या. काय रे गुंड्या, घाबरलास? ये, माझ्या कुशीत ये.