ठेकेदाराचा परवाना

चिपळूणच्या कुमुदिनी शेट्ये यांनी नर्सच्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून घर बांधलं. गच्ची गळत होती, तरीही ठेकेदार रणदिवे शेवटचा हप्ता मागायला आले. हप्ता मिळेना, तेव्हा त्यांनी सरकारी परवाना टेबलावर आपटला.

"बाई, बांधकामातलं तुम्हाला काय कळतं? हा परवाना बघा. माझं काम गळत नाही!"

एकट्या बाईला असंच गप्प करतात, हे कुमुदिनीबाईंना ठाऊक होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं. हा परवाना छताला ओल आलीय त्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा. मी गच्चीवर चार बादल्या पाणी ओतते. तो कोरडा राहिला, तर पैसे आत्ताच घेऊन जा."

रणदिव्यांनी छताकडे पाहिलं, मग परवाना उचलून पिशवीत घातला.

"उद्या गवंडी पाठवतो, ताई."