शास्त्रीबुवांच्या पोटावरचा हात

केवलनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी बोरवंड गावी होता. नदीच्या उतारावरच्या महादेवाच्या ओवरीत ते राहत. माणसं दर्शनाला येत, आणि सगळ्यांच्या मागे, पायरीपाशी, राही न्हावीण बसलेली असे.

राही गावची सुईण. पोट फुगून तान्हं मूल रडू लागलं, की ती हिंग कालवून बेंबीभोवती लावी, तेलाचा हात हलकेच फिरवी आणि महाराजांचं नाव घेई. मूल शांत होई.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री यांना हे खपत नसे. त्यांचं ज्ञान खरोखर मोठं होतं. अजीर्ण असो, आम्लपित्त असो की संग्रहणी, नाडी पाहून ते पोटातलं सांगत. एकदा भर ओवरीत ते राहीला म्हणाले, “काय गं, माणसाचं आतडं किती हात लांब असतं, ठाऊक आहे का?”

“न्हाई जी. हाताला लागतं तेवढंच कळतं मला.”

“आणि नाव घेतलं की वारा सरतो, असंच ना?”

लोक हसले. राहीने पदर तोंडाला लावला.

पुढे भाद्रपद सरता सरता शास्त्रीबुवांच्याच पोटात कळा सुरू झाल्या. मग ओकाऱ्या. शौचाला होईना, वारा सरेना. दोन दिवसांत पोट नगाऱ्यासारखं ताणलं. एरंडेल घेतलं, तेही उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी ओकारीला घाण वास येऊ लागला, तेव्हा त्यांनी पत्नीला जवळ बोलावलं.

“उमे, आतडं बांधलं गेलंय. ग्रंथात पोट चिरायचा उपाय दिलाय, पण तो करणारा इथे कोणी नाही. मुलाला निरोप धाड.”

उमाबाईंनी निरोप धाडला आणि तशाच राहीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. राही घाबरली.

“काकू, ते लेकराचं पोट न्हवं. माझ्या हाताखाली काही बरंवाईट झालं, तर गाव मला उभी ठेवायचं न्हाई.”

उमाबाईंनी तिच्यापुढे पदर पसरला. शेवटी राही उठली आणि आधी ओवरीकडे गेली. महाराज जेवायला बसले होते. तिचं ऐकून त्यांनी ताट बाजूला सारलं.

“जा. चोळायचं नाही, दाबायचं नाही. नुसता तळहात ठेव.”

“आन् मग?”

“मग आम्ही आहोत.”

शास्त्रीबुवांना नको म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. राहीने डावा हात भिंतीला टेकला आणि उजवा तळहात त्यांच्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं घट्ट, आत कसलीच हालचाल नाही. तिने नाव घ्यायला सुरुवात केली. हाताला मुंग्या आल्या, तरी तो हलवला नाही. बऱ्याच वेळाने तळहाताखाली काहीतरी सावकाश वळलं. पिळलेलं फडकं सुटावं तसं ते उलगडत गेलं. पोट गुरगुरलं आणि वारा सरला. ओसरीवरच्या बायकांनी तो ऐकला. हसलं कोणी नाही. शास्त्रीबुवांनी भांडं मागितलं. घटकाभरात पोट मऊ पडलं, आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणाऱ्या उमाबाई दाराआड जाऊन रडल्या.

“राही, काढ आता हात,” शास्त्रीबुवा क्षीण आवाजात म्हणाले. “दोन्ही काढ.”

“दोन्ही कुठं, बुवा? एकच तर ठेवलाय.”

त्यांनी डोळे उघडून तिच्या भिंतीला टेकलेल्या हाताकडे पाहिलं.

“तुझ्या हातावर आणखी एक हात होता. पुरुषाचा, रुंद. आता आता उचलला त्याने.”

आठ दिवस ते पेजेवर होते. नवव्या दिवशी काठी टेकत ओवरीत आले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, “महाराज, माझं ज्ञान थिटं पडलं.”

“ज्ञान थिटं नव्हतं. रोग तुम्ही बरोबर ओळखलात,” महाराज म्हणाले. “पण ही बाई किती भ्याली होती, ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? तरी ती आली.”

शास्त्रीबुवा वळले. माणसांनी वाट करून दिली. पायरीपाशी येऊन ते राहीसमोर हात जोडून वाकू लागले, तशी ती गडबडून उठली.

“नगा वाकू, बुवा. पोटाला ताण पडंल.”

शास्त्रीबुवांनी काठी खाली ठेवली आणि कपाळ पायरीला टेकवलं.