तिघांचा प्लॅटिनम

"पण बाई, जो कधी दिसलाच नाही, तो होता असं कुठल्या तोंडानं लिहू?"

विचारणारा हेरंब. हुशारीचा ताठा अंगात मुरलेला, पण आज तोंड पार उतरलेलं. एका हातात प्रयोगाचा बंद काचेचा चंबू, दुसऱ्यात घडी घातलेला ॲप्रन. संशोधन सोडायचं, ॲप्रन बाईंच्या पुढ्यात ठेवायचा नि गावची गाडी धरायची, असं ठरवूनच आला होता.

वेणूबाई साठम त्याच्या मार्गदर्शक. प्रयोगशाळेत खाणं वर्ज्य, म्हणून बाहेर पायरीवर डबा उघडून बसलेल्या.

आता या प्लॅटिनमच्या अणूची तऱ्हा अशी, की तो जणू चारी हातांनी चौघा सोबत्यांना धरून असतो. जुना सोबती जाऊन नवा यायचा, तर मध्ये पळभर तिघंच उरतात म्हणे. तो पळभराचा, तिघांचा प्लॅटिनम पकडायचा, हा हेरंबचा ध्यास.

"चंबूत काय झालं?"

"काहीच नाही. एरवी सुरळीत चालणारी जुन्या-नव्याची अदलाबदल अडूनच बसली."

"तू काय केलंस?"

"एक हात सुटला की तो बिचारा टिकत नाही. म्हणून जुना सोबतीच भरपूर जास्त घातला. आधाराला."

बाई खुदकन हसल्या.

"सासरी निघालेल्या पोरीच्या गाडीत अख्खं माहेर बसवलंस की रे!"



बाईंनी नारळाची वडी पुढे केली. "घे."

"हात मोकळा नाही, बाई."

 बाईंनी वडी तशीच पुढे धरली.

शेवटी हेरंबनं ॲप्रन पायरीवर टाकला, वडी घेतली... आणि थबकला.

"बाई... हात सुटला रे सुटला, की जुनाच परत येऊन धरत होता. नव्याला जागाच मिळेना. म्हणून अडलं!"

"हं."

"म्हणजे रिकामी जागा लागतेच. म्हणजे तो तिघांचा... होता! हा अडलेला चंबूच त्याची साक्ष!"

छातीवरचा धोंडा उतरावा तसा तो हसला. वडी सांभाळत दोन बोटांनी ॲप्रन उचलून खांद्यावर टाकला. पण मुळातली खोड, ती जाते कुठं?

"तरी एकदा दिसायला हवा होता, बाई."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"वडी हातात आली ना? मग मघाचा रिकामा हात दाखव बघू."