तिथल्या तिथे

एकांकिका स्पर्धेच्या निवेदकानं "डॉ. हटवळणे" असं पुकारलं, तेव्हा परीक्षक प्राध्यापक हटवळणे सुखावून हसले. त्यांचा प्रबंध अजून मंजूर व्हायचा होता.

माईक हाती येताच त्यांनी लेखिका शर्वाणीला फैलावर घेतलं. "तुमच्या नायिकेची पीएच.डी. शेवटच्या प्रवेशात होते. मग पहिल्याच प्रवेशात शिपाई तिला डॉक्टर म्हणतो आणि ती खुशाल ऐकून घेते?"

शर्वाणी त्यांच्याच मार्गदर्शकांची विद्यार्थिनी. ती नम्रपणे म्हणाली, "चुकलंच, सर. तिनं काय करायला हवं होतं?"

"तिथल्या तिथे, चारचौघांत सांगायचं, मी अजून डॉक्टर नाही!"

"मग सांगा ना, सर. माईक तुमच्याच हातात आहे."

हटवळण्यांचे कान तापले. सभागृहात कुणीच हसलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. खाली मान घालून त्यांनी माईक तोंडाशी नेला.