राणीची सुरमेदाणी

एका राज्यात एक नियम होता, आणि त्याबद्दल 'का' विचारायचं नाही, हा त्याच्या पाठीला लागलेला दुसरा नियम होता. सुरमा मृतांचा. जिवंतांनी तो डोळ्यांत घालू नये.

राज्य नदीकाठचं, वाळूचं. ऊन असं, की चाळिशीच्या आत माणसांच्या डोळ्यांवर जाळं चढे. मेरिती नावाची मुलगी राजवाड्यात काळा दगड सहाणेवर वाटून सुरमा करायची. तो सगळा दरवर्षी जुन्या राणीच्या थडग्यात जायचा. आणि मेरितीच्या आईला आता लेकीचा चेहराही दिसेना.

"हाच सुरमा आईला लावला तर?" तिनं खेरूंना विचारलं. खेरू राज्याचे वृद्ध मांत्रिक, तिचे चुलत आजोबा.

"विचारायचं नाही, पोरी."

"पण का?"

"झालं! पुन्हा तेच!"

नदीतला बगळा ऐकत होता. तो म्हणाला, "कारण माहीत असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी? थडग्यात राणीची अंगठी आहे, आरसा आहे, सुरमेदाणी आहे. त्यांना विचार."

भर दुपारी मेरिती थडग्यात उतरली.

अंगठीवरचा निळा दगडी भुंगा म्हणाला, "मला पालथा कर." तिनं केला. पोटावर कोरलेलं नाव पार झिजलं होतं. "राणीच्या बोटावर चाळीस वर्षं होतो मी. ती जिवंत असताना!"

आरसा म्हणाला, "मला पूस." शंभर वर्षांचा काळेपणा होता. हात भरून आले तेव्हा कुठे त्यात राणी हसताना दिसली. तिच्या डोळ्यांत सुरमा होता.

सुरमेदाणी मात्र बोलेना, उघडेना. मेरितीनं जोर लावला, मंत्र म्हटले. शेवटी ती चिडून ओरडली, "अगं, पण का?"

झाकण उघडलं. आतून राणीचा आवाज आला, "हा सुरमा मी लोकांच्या डोळ्यांसाठी केला. तुम्ही तो माझ्याबरोबर पुरलात. तो लोकांकडे परत जाईपर्यंत राज्याला थडग्यातल्या माझ्याइतकंच दिसेल, हा माझा शाप."

आत सळई होती, एका बाजूनं झिजलेली. मेरितीनं डबी घरी नेली आणि तीच सळई सुरम्यात बुडवून आईच्या डोळ्यांतून फिरवली. जाळं विरघळलं.

आई बघतच राहिली. मग म्हणाली, "नाकाला वाळू लागलीय तुझ्या. पूस आधी."

संध्याकाळपर्यंत घाटावर रांग लागली. घराघरांतून दिसू लागलं.

मग मांत्रिकांची सभा भरली. बारा म्हातारे, बाराही जणांच्या डोळ्यांवर जाळं.

खेरू म्हणाले, "शाप सुटला, उत्तम. आता डबी जागेवर ठेव. नियम तो नियम."

"नाही ठेवणार."

"पोरी, आम्ही शंभर वर्षं..."

"शंभर वर्षं चाचपडलात, आजोबा. उद्यापासून सुरमा घाटावर वाटला जाईल, जिवंतांसाठी. थडग्यात चिमूटभरही जाणार नाही." तिनं सळई सुरम्यात बुडवली आणि त्यांच्यासमोर बसली. "हं, वर बघा. डोळे मिटू नका."

खेरूंनी हळूच मान वर केली. बाकीचे अकरा जण आपली पाळी यायची वाट पाहत राहिले.