मडक्यापुढचे दाणे

शुद्धलेखन चुकलं असेल आणि शब्दही साधेच आहेत, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार मागे एका शेतातल्या बुजगावण्याला सगळी पाखरं भ्यायची. सुगी संपली आणि शेतकऱ्याने काठी-कपडे नेले. डोक्याचं मडकं तेवढं बांधावर पालथं राहिलं. भीती गेली तसं पाखरांना करमेना. ती मडक्यालाच देव मानून रोज त्याच्यापुढे दाणे ठेवू लागली. त्यांच्यातल्या होल्यालाही वाटा द्यावा लागे आणि घरट्यात त्याची पिल्लं उपाशी राहत.

"चिमणे, हे दाणे जातात कुठं?" त्याने विचारलं.

"देव जेवतो. तू गप रे, आम्हाला पाप लावशील!"

"मग या लेंड्या देवाच्या का?"

असं म्हणून होल्याने मडक्याला धक्का दिला. मडकं गडगडलं आणि खालून एक गलेलठ्ठ उंदीर पळाला. पाखरं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होल्याच्या घरट्यापुढे दाण्यांची रास होती. चिमणी मान खाली घालून उभी होती.

"हे काय गं?"

"तुम्ही देवाला पाडलंत, होलेमहाराज. एवढं गोड करून घ्या."

मागे पिल्लांनी चोची उघडल्या. होल्याने चहूकडे पाहिलं आणि हळूच पहिला दाणा उचलला.